उद्याची डिटेल

पलटणीत संध्याकाळच्या रोल कॉलला हवालदार मेजर दुसऱ्या दिवशीची डिटेल वाचायचा. कोण गार्डवर, कोण लंगरात, कोण रेंजवर, कोण साहेबाच्या बंगल्याभोवतीचं गवत कापायला. आपलं नाव आलं की छाती काढून ‘हाजिर’ म्हणायचं आणि झोपायला जायचं. उद्याचा दिवस आज संध्याकाळीच हातात मिळायचा. तो कुणी ठरवला, का ठरवला, याच्याशी आपलं देणंघेणं नसायचं. सतरा वर्षं मी असा राहिलो आणि त्याला शिस्त म्हणत राहिलो. गेल्या दिवाळीच्या आधी पेन्शनवर आलो तेव्हा कळलं की शिस्त वगैरे काही नव्हती. सांगणारा माणूस होता, एवढंच.

आमच्याकडं फौजी निवृत्त होत नाही, पेन्शनवर येतो. आणि आला की गाव त्याची मिरवणूक काढतं. आमचं गाव मेढ्याच्या वर डोंगरात आहे. रस्ता इतका अरुंद की एसटी आली की म्हशीला बांधावर चढावं लागतं. त्या रस्त्यावरून साताऱ्याहून मागवलेली उघडी जीप, पुढं डीजे, आत फेटा बांधलेला मी आणि शेजारी जीपचा दांडा घट्ट धरून बसलेले माझे वडील. फाट्यावर फ्लेक्स. त्यावर माझा जुना, भरपूर केस असलेला फोटो आणि त्याच्याभोवती गावातल्या पोरांचे काळे चष्मे लावलेले त्याहून मोठे फोटो. खाली लिहिलं होतं, ‘पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा’. ही वाटचाल कुठली, ते गावात एकालाही माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. शुभेच्छा मात्र हार्दिक होत्या.

बायको त्या दिवशी मुलीला घेऊन सांगलीहून आली होती. मुलगी शाळेत जायच्या वयाची झाली तेव्हापासून दोघी सांगलीतच असतात. आमच्या गावात शाळा चौथीपर्यंत, पुढं बाहेर जावंच लागलं असतं, आणि बायकोचा भाऊ सांगलीत, म्हणून तसं ठरलं होतं. तिनं मला ओवाळलं, वडिलांच्या पाया पडली, आलेल्या बायकांना हळदीकुंकू लावलं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. ती कुपवाडला एका कारखान्यात कामाला आहे आणि दुसऱ्या दिवशी तिथून माल जायचा होता. माझ्या कानात अजून गुलाल होता. सत्कारमूर्तीची बायको त्याच संध्याकाळी निघून जाते हे मला फार झोंबलं, पण पाहुण्यांसमोर मी हसत राहिलो. मनात म्हटलं, महिना-दोन महिन्यांत तिकडचं बिऱ्हाड उचलून आणू, मग कुठं जाते ते बघू.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठलो, दाढी केली, बूट पॉलिश केले आणि अंगणात येऊन उभा राहिलो. कुणी काही सांगेना. वडिलांनी गोठ्यातून एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा बुटांकडं बघितलं आणि शेण काढायला लागले. मग मी आत गेलो आणि यादी केली.

कागदाला तोटा नव्हता. सोहळ्याच्या निमंत्रणपत्रिका चुलतभावानं आख्ख्या जावळी तालुक्याला पुरतील एवढ्या छापल्या होत्या. मागची बाजू कोरी आणि गुळगुळीत. पुढं सोनेरी अक्षरांत ‘देशसेवा करून परतलेले आपल्या गावचे सुपुत्र’ आणि मागं त्या सुपुत्राची कामं. बँकेत सहीचा नमुना देणे. बांधावरचं गवत. विहिरीवरची मोटर दाखवणे. म्हशींची चौकशी. भरती अकॅडमीसाठी जागा बघणे. सांगलीचं बिऱ्हाड हलवणे. दाढी.

दाढी शेवटी का, तर ती आधीच झालेली होती. झालेलं काम लिहायचं, त्याच्यापुढं बरोबरची खूण करायची आणि बरं वाटून घ्यायचं, हा शोध मी पहिल्याच आठवड्यात लावला. पुढं पुढं चहा, आंघोळ आणि पेपर वाचणे यांनाही यादीत बढती मिळाली. एखाद्या दिवशी संध्याकाळी बघावं तर खुणांची रांग लागलेली आणि झालेलं काम एकही नाही. बाकीचं सगळं ‘बघणे’, ‘चौकशी करणे’ आणि ‘विचार करणे’. या गोष्टींना काम म्हणणाऱ्या माणसाला पलटणीत दुपारच्या उन्हात मैदानाला फेऱ्या मारायला लावलं असतं.

गवत वाढत होतं, यादीतही आणि बांधावरही. एक दिवस वडील म्हणाले, “आरं, कागदावर किती गवत कापशील? म्हस काय कागद खातीय व्हय?”

“आबा, आधी नियोजन लागतं.”

“लागतंय की. तंवर मी कापून आणतो.”

आणि ते विळा घेऊन गेले. मी यादीतल्या गवतापुढं खूण केली. झालं होतं ना काम.

गावात माझ्यासारख्या पेन्शनवाल्यांची छोटी पलटणच आहे. संध्याकाळी सगळे देवळाच्या पायऱ्यांवर बसतात, चट्ट्यापट्ट्यांची फौजी हाफ पँट आणि पायात अजून सरकारी बूट. कुणाला विचारलं काय चाललंय, की उत्तर एकच, ‘बघतोय जरा’. एकानं भरती अकॅडमी काढली आहे. मैदान भाड्याचं, शिट्टी स्वतःची आणि पोरं सगळी मेव्हण्याची. दुसरा साताऱ्यात बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसतो. तो येताजाता सगळ्यांना बजावतो की ही नोकरी तात्पुरती आहे. ती तात्पुरती असता असता त्याचा मुलगा दहावीला आला. तिसऱ्यानं स्ट्रॉबेरी लावली, ती डुकरांनी खाल्ली. हे तिघंही मला सल्ला द्यायला रोज हजर. मी काय करावं याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. स्वतः आता काय करावं हे मात्र एकालाही सांगता येत नव्हतं. मी सगळ्यांचे सल्ले पत्रिकांच्या मागं लिहून घेत होतो, म्हणजे त्यांच्याहून मोठा शहाणा.

त्यातच साताऱ्यात माजी सैनिकांसाठी एक शिबिर झालं. माईक कानाला चिकटवलेला, जेमतेम तिशीचा एक मुलगा स्टेजवर पळत पळत आला आणि म्हणाला की आयुष्याला दिशा हवी असेल तर स्वप्नं लिहून काढा. ज्यांनी बर्फात गस्त घातली, अशा लोकांना त्यानं डोळे मिटायला लावले आणि पाच वर्षांनंतरचा स्वतःचा चेहरा बघायला सांगितला. माझ्या शेजारचा सुभेदार तेवढ्यात घोरायला लागला. मी डोळे मिटले आणि मला काहीही दिसलं नाही. अगदी काहीच नाही. डोळे उघडून समोरच्या कागदावर मी ‘स्ट्रॉबेरी’ असं लिहिलं, कारण काहीतरी लिहायचं होतं. त्या मुलानं माझा कागद उचलून सगळ्यांना दाखवला आणि टाळ्या वाजवायला लावल्या.

इतक्या कागदांवर एक ओळ मात्र रोज न चुकता उतरत होती. सांगलीचं बिऱ्हाड हलवणे. गवत आणि मोटर यांच्या मध्ये, जशी काही ती घरातली जुनी पेटी होती आणि टेम्पो मिळाला की हलवायची. मोटर दुरुस्त झाली तरी ही ओळ तिथंच होती. शेवटी मी ठरवलं की बाकी दिशा वगैरे नंतर, आधी हे एक काम तडीस न्यायचं. पिशवी भरली आणि सांगलीला गेलो.

सांगलीत वरच्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या आहेत. खाली एक शिक्षिका बाई आणि त्यांची मुलगी. खालच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ अजून दिसते, रंग दिला तरी वर येते. त्या पुराच्या वेळी मी सीमेवर होतो आणि फोनला रेंज मिळाली की बायकोला कामं सांगत होतो. गॅस बंद कर, कागदपत्रं पिशवीत घाल, टॉर्च जवळ ठेव. ती प्रत्येक वाक्याला ‘व्हय, व्हय’ म्हणत होती. मला वाटलं, आपण इतक्या लांबून घर वाचवलं. नंतर मुलीकडून कळलं की आई तोवर खालच्यांचं सामान वरच्या खोलीत चढवून मामाच्या घरी पोचली होती आणि माझा फोन चालू ठेवून चहा पीत होती.

दर वर्षी मी दोन महिने सुट्टीवर यायचो. त्यातला बराच वेळ गावी जायचा, उरलेला इथं. इथं आलो की पहिल्या दिवशी मटण, गादीची बरी बाजू मला आणि रिमोट माझ्या हातात. या वेळी मटण झालं. दुसऱ्या दिवशी भाजी-भाकरी झाली. तिसऱ्या दिवशी दोघी आपापल्या कामाला निघून गेल्या आणि ओट्यावर झाकून ठेवलेल्या ताटाबरोबर मी घरात उरलो. बायको त्या कारखान्यात आधी पंपाचे सुटे भाग खोक्यात भरायची. आता बाहेर जाणारा सगळा माल तीच बघते, हाताखाली बायका आहेत, ड्रायव्हर लोक तिला ‘मॅडम’ म्हणतात. हे मला फोनवर माहीत होतं. पण स्कूटीवर हेल्मेट घालून निघालेली माझी बायको मी वरून बघितली तेव्हा, खरं सांगतो, मला ती ओळखीची वाटली नाही.

रिकाम्या घरात मी तपासणी केली. तांदळाच्या डब्यात डाळ, डाळीच्या डब्यात रव्याची पुडी, मुलीची पुस्तकं शिलाई मशीनवर, गॅस कधी संपेल याचा पत्ता नाही. या घराला काही व्यवस्थाच नाही असं माझं मत झालं, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला काय करायचं ते स्पष्ट दिसलं. पत्रिका पिशवीत होत्याच. चार पत्रिका एकमेकींना चिकटवल्या, पट्टीनं रेघा आखल्या आणि सगळ्या घराची डिटेल तयार केली. मुलगी, पहाटे पाणी भरणे. बायको, नाष्टा आणि डबे. मुलगी, अभ्यास. बायको, भांडी. आणि प्रत्येक ओळीसमोर शेवटच्या रकान्यात माझं नाव आणि काम एकच, देखरेख. हा कागद मी ओट्याच्या वर चिकटवला.

बायकोनं संध्याकाळी तो वाचला. “बरं,” एवढंच म्हणाली आणि कांदा चिरायला घेतला. तिच्या त्या ‘बरं’ला मी होकार समजलो.

सकाळी नळाला पाणी येतं तेव्हा खालच्या टाकीतून मोटरनं वर चढवावं लागतं. डिटेलप्रमाणं मी मुलीला उठवलं, स्वतः जिन्याखाली जाऊन मोटर सुरू केली आणि आमची टाकी काठोकाठ भरून घेतली. वेळेत काम झाल्याचा आनंद मला दोन दिवस पुरला. तिसऱ्या दिवशी खालच्या बाईंनी बायकोशी बोलणं बंद केलं. त्यांच्या मुलीनं आमच्या मुलीला गाडीवर नेणं बंद केलं आणि मुलगी दोनदा शाळेत उशिरा पोचली. कारण बायकोचं आणि बाईंचं आपसात ठरलेलं होतं. जी आधी उठेल तिनं मोटर लावायची, आधी खालची पिंपं भरायची आणि मग वर सोडायचं. त्याच्या बदल्यात खालची मुलगी आमच्या मुलीला शाळेत सोडायची, आणि बायको कारखान्यात अडकली की बाई कुकर लावून ठेवायच्या. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, कुणी वाचून दाखवत नव्हतं, आणि कित्येक वर्षं चाललेलं होतं. मी ते दोन दिवसांत मोडलं, तेही देखरेख करून.

बायको खाली गेली, बाईंच्या दारात उभी राहून बराच वेळ बोलली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. वर आली आणि ओट्यावरचा कागद काढून, घडी घालून गॅसच्या शेगडीखाली डगमगणाऱ्या पायाला लावला.

“तुमी मोटरीला हात लावू नका,” म्हणाली.

सुट्टीच्या दिवशी ती मेथी निवडत बसली होती. मुलगी क्लासला गेली होती. मी ज्यासाठी आलो होतो तो विषय काढला.

“सामान कवा हलवायचं?”

“कुणाचं?”

“कुणाचं म्हंजे? तुमचं. गावी.”

तिनं हातातली काडी टाकली. “आवं, मी कवा म्हणलं येते म्हणून?”

“म्हणायचं काय त्यात? मी आलोय आता.”

“तुमी आलाय, ते बरं झालं. पर माझी नोकरी हितं हाय, पोरीची शाळा हितं हाय. गावात मी काय करू? तुमच्या मिरवणुकीचा फ्लेक्स बघत बसू?”

मला संताप आला. सतरा वर्षं कुणासाठी केली, थंडीत कुणासाठी मेलो, हे सगळं मी बोललो. बोलताना आवाज परेडचा लागला. ती ऐकत होती आणि मेथी निवडत होती.

“नोकरी केली तुमी,” ती म्हणाली. “मीबी केली. मला कुणी जीपमधनं फिरवलं न्हाई, एवढाच फरक.”

मग मी माझा हुकमाचा पत्ता टाकला. “ठीक हाय. मग मीच येतो हितं राहायला. कायमचा.” हे बोलताना मी मोठा त्याग करत होतो आणि समोरून डोळ्यांत पाणी वगैरे अपेक्षित होतं.

तिनं निवडलेली मेथी ताटात पसरली, परत गोळा केली.

“मला जरा इचार करू द्या,” म्हणाली.

“इचार? नवरा घरी येणार ह्याचा इचार?”

“व्हय.”

“राग हाय का माझ्यावर?”

“राग न्हाई वं. सवय न्हाई. तुमी सुट्टीला आलाव की मी घर तुमच्याजोगं करते. कशीबशी काढते. आन् तुमी गेलाव की परत माझ्याजोगं लावते. दर साली. आता तुमी जाणारच न्हाई म्हणताय, तर मी कवा लावू?”

मला लाज वाटली असं इथं लिहिलं तर शोभून दिसेल. पण वाटली नाही. मला भीती वाटली. मी पिशवी उचलली, मुलीची वाट न बघता स्टँडवर गेलो आणि साताऱ्याच्या गाडीत बसलो. कराड येईपर्यंत मी तिच्याशी मनात भांडत होतो आणि प्रत्येक वेळी हरत होतो.

गावात आठवडाभर मी कागदाला हात लावला नाही. लिहायला घेतलं की हात त्याच ओळीशी अडकायचा. ती ओळ आता लिहिता येत नव्हती आणि तिच्या जागी काय लिहायचं तेही कळत नव्हतं. म्हशी, अकॅडमी, स्ट्रॉबेरी, सरपंचकी, ही सगळी माझी भविष्यं होती, आणि ज्या एका घरात मला राहायचं होतं तिथं माझा प्रश्न विचाराधीन होता. देवळाच्या पायऱ्यांवर मला कुणी विचारलं की मी म्हणायचो, ‘बघतोय जरा’. माझ्या तोंडून ते वाक्य ऐकून मलाच माझी किळस आली.

मग तिचा फोन आला. “या,” म्हणाली. “ऱ्हाऊन बघा.”

“किती दिवस?”

“त्ये मला काय ठावं.”

वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, “जा. हितंबी काय करतुयास.” त्यांचं खरं होतं.

आता मी सांगलीत आहे. मोटरीला हात लावत नाही. सांगितलं तर भाजी आणतो. माझी भाजी जून निघते, असं दोघी म्हणतात. मुलीला शाळेतून आणायला गेलो तर ती मैत्रिणींच्या घोळक्यातून मला लांबूनच हात करते, थोडं पुढं जाऊन थांबा म्हणून. तिथपर्यंत मी जातो आणि थांबतो.

परवा सकाळी कचऱ्याची बादली घेऊन मी जिना उतरत होतो. बायको खाली स्कूटी काढत होती. खालच्या बाई दारात झाडत होत्या. त्यांनी तिला विचारलं, “साहेब आता कायमचेच आले का गं?”

बायकोनं मान वर केली. मी पायरीवर उभा आहे हे तिला दिसलं.

“अजून ठरलं न्हाई,” ती म्हणाली, हेल्मेट घातलं आणि कुपवाडला निघून गेली.